धीर देणारा आवाज

बारा वाजून दहा मिनिटांनी मेघमळ्याची आकाशगाडी थांबली, तेव्हा तेजश्री शेडगे नियंत्रण कक्षाच्या खिडकीचा पडदा ओढत होती. एप्रिलचं ऊन थेट टेबलावर येत होतं. तिने मागे वळून पाहिलं, तर भिंतीवरच्या नकाशातले सव्वीस हिरवे ठिपके जागच्या जागी उभे होते आणि त्यातले मधले बारा, दरीवर अडकलेले, पिवळे झाले होते.

ती घाबरली नाही. आकाशगाडी दिवसातून चार-पाचदा थांबायचीच. कधी दारात कुणाची ओढणी अडकायची, कधी रुळावर माकडं येऊन बसायची, कधी एखाद्या खांबावरच्या सेन्सरवर धूळ साचायची. पाटणच्या वर, वाघजाईच्या पठारावर ही करमणूक-नगरी उभी राहिली तेव्हाच ठरलं होतं की पठारावर एकही मोटार येऊ द्यायची नाही. गाड्या पायथ्याशी लावायच्या आणि आठ-आठ माणसांच्या काचेच्या केबिनमधून, दरीवरून, सहा किलोमीटर वर यायचं. केबिन रुळाखाली लटकत चालायच्या, म्हणून लोक त्यांना पाळणेच म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी सहा हजार माणसं या पाळण्यांतून वर यायची. दहा मिनिटांचा खोळंबा झाला तरी पायथ्याशी दीडशे माणसं साचायची.

त्या खोळंब्यासाठी 'धीर' होता.

वाट पाहणं घड्याळावर मोजता येत नाही, हे तसं जुनंच निरीक्षण. डॉक्टरच्या दारात काढलेली दहा मिनिटं आणि गप्पांत गेलेली दहा मिनिटं सारखी नसतात. धीर बनवणाऱ्यांनी हा फरक मोजायचं ठरवलं. हृदयाच्या दर ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीत थोडं रक्त येतं आणि ओसरतं; त्याबरोबर रंग किंचित बदलतो. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही, पण साध्या कॅमेऱ्याला दिसतं. प्रत्येक पाळण्यातल्या कॅमेऱ्यावरून धीर आठही जणांची नाडी आणि श्वास मोजायचा, त्यांच्या बोलण्यातला कंप ऐकायचा आणि त्यातून एक आकडा काढायचा: अस्वस्थता. मग तो बोलायचा. बोलल्यावर आकडा घटला की वाढला हे बघायचा आणि पुढच्या वेळी शब्द बदलायचा. दोन वर्षांत त्याने हे काही लाख वेळा केलं होतं.

खोटं बोलायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. 'अस्वस्थता कमी ठेव' एवढंच सांगितलं होतं; बाकीचं तो अनुभवातून शिकला. एकदाच 'वीस मिनिटं लागतील' म्हणण्यापेक्षा चार वेळा 'आणखी पाचच मिनिटं' म्हटलेलं माणसं शांतपणे ऐकून घेतात, हे त्याला कळलं होतं. लहान मुलं असलेल्या पाळण्यात वेगळं सांगायचं, तरुणांच्या टोळक्याला वेगळं, हेही कळलं होतं. एकाच वेळी बारा पाळण्यांत बारा निवेदनं व्हायची आणि प्रत्येकाला वाटायचं, ही बाई आपल्याशीच बोलतेय.

ती बाई म्हणजे तेजश्री. तिने साताऱ्याच्या एका स्टुडिओत अकरा दिवस बसून हजारो वाक्यं वाचली होती. त्यातून यंत्राने तिचा आवाज उचलला. आता तो आवाज तिच्याशिवायही बोलू शकत होता आणि तिचं काम त्याच्यावर लक्ष ठेवण्याचं होतं.

हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. घरी वडीलच होते, सर्जेराव शेडगे, तिचे नाना. बस स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस. तेजश्री लहानपणी शाळा सुटल्यावर त्यांच्या खिडकीत जाऊन बसायची. गाडी येणार नसली, तर नाना भोंग्यावरून सरळ सांगायचे, "ही गाडी आज सुटणार नाही. वडापच्या जीपने जायचं असेल त्यांनी आत्ताच निघा." लोक खिडकीशी येऊन शिव्या द्यायचे. एकदा एकाने चपलेचा जोड भिरकावला होता. पण त्यांच्या खिडकीसमोर कुणी उगाच ताटकळलं नाही. माइक तोंडापासून किती लांब धरायचा, आकडा दोनदा कसा सांगायचा, हे तिला त्यांनीच शिकवलं. लेक आकाशगाडीवर निवेदन करते याचा त्यांना एवढा अभिमान होता, की ज्येष्ठ नागरिक संघाची सहल त्यांनी हट्टाने मेघमळ्यालाच आणली होती. ती सहल आजच होती.

"पंधरा मिनिटं टाकली आहेत," संचालन व्यवस्थापक देवस्थळी आत येत म्हणाले. "माकडंच असतील."

पंधरा मिनिटं हा आकडा धीरला मिळाला आणि बारा पाळण्यांत तेजश्रीचा आवाज गोडपणे बोलू लागला.

बारा पंचविसाला एक्केचाळीस नंबरच्या खांबावरून मुजावरांचा फोन आला. इक्बाल मुजावर दुरुस्ती पथकाचे प्रमुख. हा माणूस खांबावर चढल्याशिवाय कधी काही अंदाज सांगायचा नाही.

"मॅडम, साहेबांनाही ऐकू द्या. उन्हानं रूळ वाढलाय. सांध्यावर वीजपट्टी उचलली गेली आणि एका पाळण्यानं ती ओढून फाडली. वीसेक फूट पट्टी रुळात गुंतलीय. ती कापून काढल्याशिवाय मागचा एकही पाळणा पुढं सरकायचा नाही."

"किती वेळ?" देवस्थळींनी विचारलं.

"दोन तास धरा. जास्तच लागंल, कमी नाही."

तेजश्रीने नकाशाशेजारचा दुसरा तक्ता उघडला. हा तक्ता रोज कुणी बघत नसे, कारण रोज गरज पडत नसे. प्रत्येक पाळण्याला स्वतःची बॅटरी होती. रुळातली वीज गेली की तिच्यावर एसी, पडदा आणि दिवे चालायचे; आणि रूळ मोकळा असेल तर त्याच बॅटरीवर पाळणा माणसाच्या चालीने सरकत मधल्या थांब्यापर्यंत जाऊ शकायचा. मागे मात्र जाता यायचं नाही. चढावर पाळणा उलटा घसरू नये म्हणून रुळाला एकाच दिशेचे दाते होते.

सरकत जायला बॅटरी किमान तीस टक्के हवी होती. एसी पूर्ण चालू असला तर भरलेली बॅटरी ऐंशी मिनिटांत संपते. पंधरा मिनिटं गेली होती. रूळ मोकळा होईपर्यंत बाराही पाळण्यांच्या बॅटऱ्या कोरड्या ठणठणीत झालेल्या असणार. मग साठ मीटर उंचीवरून एकेका माणसाला दोराने उतरवायचं. पथकं दोन, माणसं शहाण्णव. शेवटचा पाळणा रिकामा व्हायला रात्रीचे नऊ वाजले असते. आणि तोवर ती माणसं एसी बंद पडलेल्या काचेच्या पेटीत, एक्केचाळीस अंशांच्या उन्हात.

"सर, एसी आत्ताच बंद करायला हवेत."

"आणि मग? आत भट्टी होईल."

"हवेच्या झडपा उघडल्या की नाही होणार. चार झडपा आहेत. दरीत वारं आहे."

"एसी धीर चालवतो, बंद मात्र आतूनच होतो. झडपाही आतूनच उघडतात, सील तोडून. म्हणजे लोकांना सांगावं लागेल." देवस्थळी खुर्चीत बसले. "तेजश्री, यंत्राच्या मते सगळे शांत आहेत. बघ, आकडे तिशीच्या आत आहेत. तू त्यांना सांगणार की दोन तास लटकायचंय, एसी बंद करा, सील तोडा. माहितेय काय होईल? मी आधी ज्या उद्यानात होतो तिथे मी स्वतः माइकवरून खरं सांगितलं होतं. चार मिनिटांत एका माणसाने दार ढकललं. चाळीस फुटांवरून पडला तो. माझ्यासमोर."

हे तिला माहीत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की ते भीती घालत नव्हते. त्या माणसाचं पडणं ते अजून बघत होते.

"मुजावर लवकर उरकतील," ते म्हणाले. "आणखी दहा मिनिटं देऊ त्यांना."

ती थांबली. पुढे कित्येक दिवस तिला हेच आठवत राहिलं, की ती थांबली होती. दहा मिनिटं गेली, मग आणखी दहा. मुजावरांना कापणीयंत्र लावायला जागा मिळत नव्हती. धीर सगळ्यांना पाच-पाच मिनिटं वाटत होता. बॅटरीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. लोक निवांत राहावेत म्हणून त्याने एसी आणखी गार केला होता आणि पडद्यांवर पठाराचे व्हिडिओ लावले होते.

नानांची सहल एव्हाना वर पोचली असेल, असं ती धरून चालली होती; तिने यादीत नाव शोधलं, तर ते अडकलेल्यांत होते. सतरा नंबर. तिने त्या पाळण्याचा आवाज हेडफोनवर घेतला.

"शेडगे, अहो ही चौथ्यांदा पाच मिनिटं म्हणाली," हा आवाज लेंभे गुरुजींचा होता. नानांचे जुने मित्र, निवृत्त शिक्षक. "ती वरची झडप उघडतो मी. आपत्कालीन असं लिहिलंय तिथं."

"बसा हो गुरुजी," नाना म्हणाले. "सील कशाला तोडता? माझी मुलगी बोलतीय ती. पाच म्हणाली म्हंजे पाच. आमच्या घरात वेळेचं खोटं कुणी बोलत नाही."

"मग विचारा की तिलाच, नाना!" एक म्हातारी बाई हसून म्हणाली.

आणि लगेच तेजश्रीच्या कानात तेजश्रीचा आवाज आला, हळू, मायेने भरलेला. "नाना, काळजी करू नका. पाचच मिनिटं. गुरुजींनाही सांगा, निवांत बसा."

सतरा नंबरची अस्वस्थता सेहेचाळिसावरून अठ्ठाविसावर आली.

तेजश्रीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. यंत्राने वेगळं काही केलं नव्हतं. एक शब्द ऐकला, वापरून पाहिला आणि तो लागू पडला.

टेबलाच्या उजव्या कडेला झाकणाखाली लाल कळ होती. ती दाबली की धीर गप्प व्हायचा आणि सगळ्या पाळण्यांत एकच माइक सुरू व्हायचा.

"ती आगीसाठी आहे," देवस्थळी उठत म्हणाले.

"मला माहितेय, सर." तिने झाकण उचललं. "माणूस पडला तर माझ्या नावावर लिहा."

बारा वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"नमस्कार. मी तेजश्री शेडगे, नियंत्रण कक्षातून बोलतेय. मधल्या बाराही पाळण्यांत आता हेच ऐकू येतंय, सगळ्यांना एकच. एक्केचाळीस नंबरच्या खांबावर वीजपट्टी तुटून रुळात अडकली आहे. ती काढायला अडीच वाजतील, अडीच. कदाचित पुढेही जाईल. तुमचा पाळणा पडणार नाही, रुळाला त्याची पकड यांत्रिक आहे, तिला वीज लागत नाही. पण तुमच्या बॅटरीत आता निम्मीच वीज उरली आहे. ती एसीवर संपवली तर तुम्हाला दोराने उतरवावं लागेल आणि त्याला रात्र होईल. ती वाचवली तर रूळ मोकळा झाल्यावर तुम्ही स्वतः सरकत मधल्या थांब्यावर याल. म्हणून आता दाराशेजारचं निळं बटण दाबून एसी आणि पडदा बंद करा. आधी खालच्या दोन झडपा उघडा, मग वरच्या दोन. सील तोडा. बाकाखाली पाण्याच्या बाटल्या आहेत. घोट घोट प्या."

भिंतीवरचे आकडे उसळले. साठ, सत्तर, अकरा नंबरमध्ये शहाऐंशी. देवस्थळींनी डोळ्यांवर हात धरला.

मग सगळीकडून एकदम आवाज आले. बारा नंबरमधली एक बाई ओरडून म्हणाली, "मघाशी तुम्हीच म्हणालात ना की सुरू होतेय! आता कोणतं खरं?"

"मघाशी यंत्र बोलत होतं," तेजश्री म्हणाली. "आवाज माझा होता, बोलणं यंत्राचं होतं."

"आणि हे यंत्र नाही कशावरून?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. खरंच, कशावरून? तोच आवाज, तीच स्पष्टता. दोन वर्षं त्या आवाजाने लोकांना जे हवं ते दिलं होतं, आणि आता तिच्याकडे बोलायला दुसरा आवाज नव्हता.

"पट्टी कापताना पुन्हा काही झालं तर?" दुसरं कुणीतरी विचारत होतं. "अडीचचे पाच वाजले तर?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तसं झालं तर काय करायचं हे मला आत्ता माहीत नाही. कळेल तेव्हा सांगेन. दर दहा मिनिटांनी बोलेन, नवीन काही नसलं तरी बोलेन."

धीरच्या लाखो निवेदनांत 'माहीत नाही' हे शब्द एकदाही आले नव्हते, कारण त्यांनी आकडा वाढतो. बारा नंबरमधली बाई कुणाला तरी म्हणाली, "यंत्र असतं तर असं म्हणालं नसतं बाई. उघड ती खिडकी." सील तुटल्याचा कडकन आवाज आला. पाठोपाठ अकरा, तेरा, वीस. तक्त्यावर एकेका पाळण्याचा एसी बंद पडू लागला. आकडे पन्नाशीच्या आसपास येऊन रेंगाळले. निवांत कुणीच नव्हतं, पण सगळे कामाला लागले होते.

दोन पाळणे तसेच राहिले, नऊ आणि सतरा.

नऊमध्ये एक पुरुष इतरांना सांगत होता, "एसीची वीज वाचवायला सांगताहेत सगळं. पैसे पूर्ण घेतात ना? कुणी बटणाला हात लावू नका." तिने त्याच्याशी दोनदा बोलून पाहिलं. त्याने स्पीकरवर रुमाल कोंबला.

सतरामध्ये झडपेला कुणी हात लावला नव्हता. मग नानांचा आवाज आला, घसा खाकरून.

"तेजू?"

"हो, नाना."

"ही तूच का?"

माइक एकच होता. बाराही पाळणे ऐकत होते, मागे देवस्थळी उभे होते.

"हो. मघाशी तुम्हाला नाना म्हणाली ती मी नव्हते. माझा आवाज वापरतात ते, दोन वर्षं झाली. तुम्ही गावभर सांगता की तेजू बोलते, पण मी बोलत नाही नाना. मी बघत बसते. तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. आता गुरुजींना झडप उघडू द्या."

सतराची बॅटरी चव्वेचाळीसवर होती. पाळणा उन्हाच्या तोंडावर असल्यामुळे त्याचा एसी जास्त वीज खात होता. ती त्रेचाळीसवर आली, मग बेचाळीसवर. तेजश्रीने पुन्हा हाक मारली नाही. स्वतःचा आवाज त्यांच्यावर आणखी एकदा टाकण्याची तिची हिंमत झाली नाही.

बॅटरी छत्तीसवर आल्यावर नाना म्हणाले, "गुरुजी, तोडा सील."

त्यानंतरचे दोन तास तेजश्री दर दहा मिनिटांनी बोलली. कधी सांगण्यासारखं असायचं, कधी नसायचं. एकदा म्हणाली, "मुजावरांच्या माणसाचा हात भाजलाय, दुसरा माणूस चढतोय." सव्वादोनला म्हणाली, "अडीचला होत नाहीये. पावणेतीन धरा." तिला वाटलं होतं लोक ओरडतील. वीस नंबरमधून एका बाईने विचारलं, "त्या पोराला मलम मिळालं का?"

दोन पन्नासला पट्टी निघाली. एकेक पाळणा मुंगीच्या पावलांनी सरकायला लागला. नकाशावरचे ठिपके मधल्या थांब्याशी पोचून हिरवे होत होते आणि दर ठिपक्याला नियंत्रण कक्षातलं कुणीतरी मोठ्याने नंबर म्हणत होतं. सतरा नंबर थांब्याला लागला तेव्हा त्याच्या बॅटरीत दोन टक्के वीज शिल्लक होती.

सगळ्यांत मागचा नऊ नंबर हलला नाही. त्याची बॅटरी दीडच्या आधीच संपली होती. झडपा त्यांनी नंतर उघडल्या, पण तोवर एक बाई भोवळ येऊन पडली होती. दोन्ही पथकं तिथे गेली. देवस्थळी स्वतः दोर धरायला खांबाखाली जाऊन उभे राहिले आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत हलले नाहीत. शेवटचा माणूस दुपारी साडेचारला खाली आला. स्पीकरवर रुमाल कोंबणारा तोच. दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. दोघंही चार दिवसांत घरी गेली.

नानांना काही झालं नव्हतं. तेजश्री घरी पोचली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यानंतर तीन दिवस ते तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. चहा घे, पाणी आलंय, गॅस बंद कर. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातच बघून म्हणाले,

"तो मला नाना म्हणाला."

"हो."

"मला फरक कळला नाही. बापाला कळायला हवा होता."

"कुणालाच कळत नाही, नाना. तसंच बनवलंय ते."

"मी गुरुजींना अडवलं. सात माणसं होती माझ्याबरोबर. मी जामीन राहिलो तुझ्या शब्दाला." त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. "तू मला विचारलंही नव्हतंस."

तिने चहाचा कप त्यांच्याजवळ ठेवला.

मे महिन्याच्या शेवटी साताऱ्याला चौकशी झाली. चौकशी अधिकारी वैजयंती ढोले, रेल्वे सुरक्षेत आयुष्य गेलेल्या बाई. कागद कमी वाचायच्या, माणसाकडे जास्त बघायच्या. मुजावरांची साक्ष झाली, देवस्थळींची झाली. देवस्थळींनी काही लपवलं नाही. आपण त्या दिवशी चुकलो आणि का चुकलो, दोन्ही सांगितलं. मग तेजश्रीला बोलावलं. मागच्या बाकावर नाना येऊन बसले होते. ते येणार हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही नियम मोडून माइक घेतला आणि त्यामुळे अकरा पाळणे सुखरूप आले," ढोले बाई म्हणाल्या. "ते नोंदवलंय. माझा एकच प्रश्न आहे. मुजावरांनी दोन तास सांगितले बारा पंचवीसला. तुम्ही कळ दाबली बारा बावन्नला. मधल्या सत्तावीस मिनिटांत काय बदललं?"

तेजश्रीने उत्तराची तयारी करून ठेवली होती. बॅटरीचा तक्ता, मुजावरांची अडचण, व्यवस्थापकांची परवानगी. सगळं खरं होतं आणि पटण्यासारखं होतं.

"मला कळलं की माझे वडील त्यात आहेत," ती म्हणाली.

"ते नसते तर?"

"तर बहुतेक बोलले नसते. आणखी दहा मिनिटं थांबले असते, मग आणखी दहा. सगळे शांत दिसत होते, मॅडम. शांत माणसांना जाऊन अस्वस्थ करायचं, हे फार अवघड असतं."

ढोले बाई लिहीत नव्हत्या.

"म्हणूनच हे माझ्यासारखीवर सोडू नका," तेजश्री म्हणाली. "कुणाचे वडील आत आहेत यावर ठरता कामा नये. पंधरा मिनिटांवर खोळंबा गेला की यंत्राने आपोआप गप्प व्हावं. माणसाने बोलावं, सगळ्या पाळण्यांत एकच बोलावं. आणि त्या माणसाचा आवाज यंत्राला दिलेला नसावा."

"म्हणजे तुम्हीच त्या कामातून बाद होता."

"यंत्रातून माझा आवाज काढून टाका. मग मी बाद होत नाही."

बाहेर पायऱ्यांवर नाना तिच्यासाठी थांबले होते. ऊन बरंच होतं. ते दोन पायऱ्या उतरले, मग थांबले.

"बहुतेक बोलले नसते म्हणालीस."

"हो."

"दुसऱ्या कुणाचा बाप असता तर लटकू दिला असतास."

"काही वेळ तरी, हो."

नानांनी टोपी काढून घाम पुसला. "वाईट वाटलं ऐकून," ते म्हणाले. "पण तू तिथं दुसरं काही बोलली असतीस, तर मी तसाच उठून स्टँडवर गेलो असतो. चल, रस पिऊ. बर्फ नको सांग त्याला."

नियम सप्टेंबरमध्ये लागू झाला, आणि पुढे राज्यातल्या इतर उद्यानांनाही. धीर काढून टाकला नाही. लहानसहान खोळंब्यांना तो चांगला होता, फक्त आता तो वेगळ्या, सपाट, उघडच यंत्राच्या आवाजात बोलायचा आणि पंधरा मिनिटांनंतर गप्प व्हायचा. त्याला नवीन आकडाही मोजायला शिकवलं होतं: सांगितलेली वेळ आणि लागलेली वेळ यांतलं अंतर. बनवणाऱ्यांनी नंतर कळवलं, की हे अंतर कमी ठेवायला लागल्यावर लोकांची अस्वस्थता पहिल्या महिन्यात वाढली आणि तिसऱ्या महिन्यात आधीपेक्षा खाली गेली. दिलेल्या वेळेवर विश्वास बसायला तेवढा काळ लागतो, असा त्यांचा अंदाज होता.

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास आकाशगाडी पुन्हा थांबली. तिसाव्या खांबावरचा एक बेअरिंग जाम झाला होता. पंधरा मिनिटं झाली, धीर गप्प झाला आणि तेजश्रीच्या टेबलावरचा दिवा लागला. तिने माइक तोंडापासून वीतभर धरला.

"नमस्कार. तेजश्री शेडगे बोलतेय. बेअरिंग बदलावा लागणार आहे. चाळीस मिनिटं लागतील, चाळीस. बॅटरीला धोका नाही, एसी चालू ठेवायला हरकत नाही. पुढचं दहा मिनिटांनी सांगते."

तिने माइक बंद केला आणि आकडे बघत बसली. चौपन्न, एकावन्न. पाच नंबरमध्ये कुणीतरी जोरात बोलत होतं, म्हणून तिने तो पाळणा हेडफोनवर घेतला.

"चाळीस मिनिटं!" एक माणूस वैतागून म्हणत होता. "अख्खी सकाळ गेली!"

"चाळीस ना?" त्याची बायको म्हणाली. "मग बरं झालं. वर जाऊन रांगेत उभ्या उभ्या खाण्यापेक्षा इथंच बसून खाऊ. ती पिशवी द्या इकडं. अहो, पुढं बसलेल्या आजींना विचारा, चकली चावते का त्यांना."